बोटॉक्स आणि फिलरनंतरच्या तक्रारी : आधी काय तपासावे आणि केव्हा थांबावे

चेहऱ्यावर सौंदर्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांनंतरच्या तक्रारी पाहणे हा माझ्या त्वचारोगतज्ज्ञ म्हणून चालणाऱ्या कामाचा आता नेहमीचा भाग झाला आहे. इंजेक्शन बहुधा दुसरीकडे घेतलेले असते, टोचणाऱ्याचा फोन लागत नसतो आणि लग्नसराई तोंडावर आलेली असते. या तक्रारी ठरावीक प्रकारांत मोडतात. रुग्ण ज्या गोष्टीने रात्रभर जागतात ती बहुधा आपोआप ओसरणारी असते, आणि जिच्यासाठी तासाभरात घराबाहेर पडायला हवे ती 'उद्या बघू' म्हणून मागे राहते, असा माझा अनुभव आहे. म्हणून खालचा क्रम सोप्या व बिनखर्चाच्या तपासण्यांपासून अवघड तपासण्यांकडे जाणारा असला, तरी लक्षणांचा पहिला गट त्याला अपवाद आहे. त्यातले काहीही आढळल्यास पुढचे वाचत बसू नये.

लक्षणे

पहिला गट तातडीचा आहे. फिलर टोचताना किंवा त्यानंतर अचानक अंधुक दिसणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, डोळ्यात तीव्र वेदना होणे. त्वचेचा एक भाग पांढराफटक पडणे किंवा त्यावर जाळीसारखी जांभळट नक्षी उमटणे. बधिरता उतरल्यावर कमी न होता वाढत जाणारी वेदना. अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजणे व श्वास लागणे. बोटॉक्सनंतर काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही गिळायला त्रास होणे, आवाज बदलणे, एकाची दोन दिसणे किंवा अंगभर अशक्तपणा येणे. यांपैकी कशालाही घरगुती उपाय नाही. दृष्टी गेली असेल, तर ज्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ आणि तातडीचा विभाग दोन्ही आहेत तिथे थेट जावे, कारण डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर साधारण दीड तासात होणारी हानी कायमची ठरू शकते. श्वास किंवा गिळण्याची तक्रार असेल तर १०८ वर फोन करावा.

दुसरा गट रोजचा आहे : सूज, रक्त साकळून काळे-निळे पडणे, डोके दुखणे, सुईच्या जागी लहान टेंगूळ, ओठ दोन दिवस भलतेच जाड दिसणे. तिसऱ्या गटात दिसायला विचित्र, पण जिवाला धोका नसलेल्या तक्रारी येतात : एक पापणी लोंबणे, भुवईचे बाहेरचे टोक वर चढणे, हसताना ओठ वाकडा होणे, डोळ्याखाली निळसर छटा दिसणे. चौथा गट उशिरा येतो. आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फिलरच्या जागी गाठ लागते, लाली येते, कधी दुखते, कधी दुखत नाही.

पहिली तपासणी : नेमके काय टोचले

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सर्वांत जास्त वेळा हीच राहून जाते. 'चेहऱ्याला इंजेक्शन घेतले' एवढेच रुग्णाला ठाऊक असते. बोटॉक्स हे बोट्युलिनम विषाचे नाव झाले आहे. ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो. फिलर हा त्वचेखाली भरला जाणारा पदार्थ असतो, बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचा घट्ट केलेला जेल. या दोन्हींचे दुष्परिणाम आणि उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. बोटॉक्सने सैल पडलेल्या स्नायूवर उतारा नसतो, परिणाम ओसरेपर्यंत वाट पाहावी लागते. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर मात्र हायल्युरॉनिडेज नावाच्या विकराने विरघळवता येतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पीएमएमए (एक प्रकारचे प्लास्टिक) यांचे फिलर या विकराने विरघळत नाहीत, आणि द्रवरूप सिलिकोन तर मुळात चेहऱ्यात टोचायलाच नको होते.

म्हणून क्लिनिकला फोन करून तीन गोष्टी मागाव्यात : उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक, किती मात्रा कोणकोणत्या जागी दिली, आणि तारीख-वेळ. फिलरच्या सिरिंजसोबत बॅच क्रमांकाची चिकटपट्टी येते आणि ती रुग्णाच्या कागदावर लावण्याची पद्धत आहे. तिचा फोटो मागावा. बोटॉक्सच्या बाबतीत युनिट विचारताना कंपनीचे नावही विचारावे, कारण एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाइतके नसते. नाव सांगायला क्लिनिक टाळाटाळ करत असेल, तर तीच एक महत्त्वाची माहिती समजावी. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये बनावट बोटॉक्समुळे लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याचा इशारा तिथल्या आरोग्य यंत्रणांना द्यावा लागला होता. फिलर सुईविना आत ढकलणारे जे 'पेन' ऑनलाइन मिळते, त्याविरुद्धही तिथल्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये लोकांना सावध केले. असे पेन घरी वापरले असेल तर ते लपवू नये. डॉक्टरला उपचार ठरवण्यासाठी ते कळणे आवश्यक आहे.

दुसरी तपासणी : तारीख मोजणे

लक्षण कितव्या दिवशी सुरू झाले यावरून निम्मे निदान होते. फिलरनंतरची साधी सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि मग उतरणीला लागते. काळे-निळे डाग ओसरायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागलेली सूज पुन्हा चढली, लाल आणि गरम झाली, ताप आला, तर ती साधी सूज उरत नाही, तो संसर्ग असू शकतो.

बोटॉक्सचा परिणाम दोन ते चार दिवसांनी दिसू लागतो आणि पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी येतो. 'काहीच फरक पडला नाही' किंवा 'एक बाजू कमी झाली' ही तक्रार चौथ्या दिवशी ग्राह्य धरण्यात अर्थ नसतो. चौदा दिवसांच्या आत जादा मात्रा मागणे टाळावे, कारण दोन्ही बाजू आपोआप जुळून येण्याची शक्यता शिल्लक असते आणि वरून घातलेले औषध परत काढता येत नाही. परिणाम दिसायलाच दोन-चार दिवस लागत असल्याने, इंजेक्शननंतर तासा-दोन तासांत पापणी खाली आली तर त्याचा दोष विषाला देता येत नाही. सुईची सूज, बधिरतेचे औषध किंवा आणखी काही कारण शोधावे लागते.

तिसरी तपासणी : आरसा, खिडकीचा उजेड आणि एक बोट

ही तपासणी फिलर घेतलेल्या प्रत्येकाने पहिल्या दोन-तीन दिवसांत दिवसातून काही वेळा करावी. दिव्याखाली नव्हे, खिडकीशी उभे राहून करावी, कारण पिवळ्या दिव्यात त्वचेचा रंग फसवतो. शंका असलेल्या जागी बोटाच्या टोकाने हलके दाबावे, दोन-तीन सेकंद धरावे आणि सोडावे. दाबलेली जागा फिकी पडते आणि रक्त परतताच पूर्ववत होते. निरोगी त्वचेत याला साधारण दोन सेकंद लागतात. दुसऱ्या गालावर नेमक्या त्याच जागी हेच करून पाहावे. एका बाजूला रंग लगेच परतत असेल आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळत असेल, किंवा दाब न देताच ती जागा फिकी-निळसर असेल, तर फिलर रक्तवाहिनीत शिरला असण्याची किंवा तिच्यावर त्याचा दाब आला असण्याची शक्यता आहे.

गव्हाळ व सावळ्या त्वचेवर पांढरेपणा ठळक दिसत नाही, त्यामुळे इंग्रजी संकेतस्थळांवरचे फोटो पाहून स्वतःचा निर्णय करणे धोक्याचे ठरते. ओठांचा आतला भाग आणि हिरड्या पाहाव्यात, तिथे रंग लपत नाही. वेदना नसणे हीदेखील हमी नव्हे. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन मिसळलेले असते, शिवाय आधी बधिर करणारे मलम लावलेले असते, म्हणून पहिले काही तास काहीच दुखत नाही. बधिरता उतरल्यावर दुखणे सुरू होऊन वाढतच गेले, तर ते ऐकावे.

हा बिघाड कसा पुढे सरकतो हे सविस्तर सांगतो, कारण तो ओळखण्यात चूक होते ती याच पायऱ्यांवर होते. आधी त्वचा फिकी पडते. मग तिथे जाळीसारखी जांभळट नक्षी दिसते, जिला लोक काळे-निळे पडणे समजतात. काळे-निळे पडलेले डाग गोलसर असतात, दाबल्यावर रंग तसाच राहतो आणि दिवसागणिक ते हिरवट-पिवळे होत जातात. जाळी मात्र रक्तवाहिनीच्या वाटेने पसरते, म्हणजे नाकपुडीजवळ टोचलेले असले तरी नाकाच्या शेंड्यावर किंवा वरच्या ओठावर उमटते. साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास त्याच जागी पांढऱ्या टोकाच्या बारीक पुटकुळ्या येतात. इथे कोणी मुरुमांचे मलम देतो, कोणी नागीण म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर देतो आणि मधले मोलाचे तास निघून जातात. त्यानंतर काळी खपली धरते आणि तो भाग मरतो. फिलरनंतर एकाच बाजूला, एका पट्ट्यात, फिकेपणा किंवा जांभळटपणाच्या पाठोपाठ पुटकुळ्या आल्या, तर त्या मुरुम नाहीत असे धरूनच चालावे. ओठांच्या कडेला पूर्वी पुटकुळ्या ('जर') आल्याचा इतिहास असेल तर नागीण पुन्हा उठू शकते हे खरे आहे, पण हा निर्णय घरी करायचा नसतो.

ही शंका आल्यावर बर्फ लावू नये. साध्या सुजेसाठी बर्फ चालतो, पण इथे तो रक्तवाहिन्या आणखी आकसवतो. कोमट कापडाचा शेक देत, टोचणाऱ्या डॉक्टरकडे किंवा हायल्युरॉनिडेज ठेवणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच निघावे. हे औषध या प्रसंगी मोठ्या मात्रेत, रंग परतेपर्यंत तासातासाने पुन्हा पुन्हा द्यावे लागते, आणि पहिल्या काही तासांत दिले तर त्वचा वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. रात्रीचे अकरा वाजले असतील तरी सकाळची वाट पाहू नये. दोन भुवयांमधली जागा, नाक आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी या जागा या बाबतीत सर्वांत धोक्याच्या आहेत, कारण तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत.

चौथी तपासणी : पापणी लोंबली की भुवई खाली आली

बोटॉक्सनंतर 'डोळा लहान झाला' म्हणून येणाऱ्यांत दोन वेगळे प्रकार असतात. आरशात सरळ पाहावे आणि भुवई बोटाने हलकेच पूर्वीच्या उंचीवर उचलून धरावी. तेवढ्याने डोळा पूर्ण मोकळा झाला, तर पापणी ठीक आहे आणि कपाळाचा स्नायू गरजेपेक्षा जास्त सैल पडल्याने भुवई खाली बसली आहे. भुवई उचलूनही पापणीची कड बुबुळावर नेहमीपेक्षा खाली राहत असेल, तर विष पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण भुवईला थेंबांचा उपयोग नसतो, तर पापणीला अ‍ॅप्राक्लोनिडिनसारखे थेंब एखाद-दोन मिलिमीटर उचल देऊ शकतात. ते पापणीतल्या दुसऱ्या एका लहान स्नायूला आकुंचित करतात, बोटॉक्स उतरवत नाहीत. काचबिंदू, हृदयाचे विकार आणि चालू असलेली इतर औषधे पाहूनच नेत्रतज्ज्ञ हे थेंब लिहून देतात. औषधाच्या दुकानातून आपण होऊन आणू नयेत. थेंब न घालताही बहुतेक पापण्या दोन ते सहा आठवड्यांत वर येतात. भुवईला अधिक काळ लागू शकतो, कारण बोटॉक्सचा परिणाम एकूण तीन ते चार महिने टिकतो. गाल चोळणे, पापणीला विजेचा शेक देणे, वाफ घेणे याने विष लवकर निघून जात नाही.

भुवईचे बाहेरचे टोक धनुष्यासारखे वर चढले असेल तर ते सोपे काम आहे. चौदा दिवसांनंतर तिथे एक-दोन युनिटांनी ते बसते. जबड्याच्या स्नायूत किंवा हनुवटीजवळ टोचल्यावर हसताना ओठ वाकडा होत असेल, तर वाट पाहावी.

मात्र पापणी लोंबली आणि त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान-मोठी दिसू लागली, एकाची दोन दिसू लागली, बोलताना जीभ अडखळली किंवा हात-पाय लुळे वाटले, तर महिनाभरापूर्वीच्या बोटॉक्सवर दोष टाकून घरी बसू नये. तो मेंदूशी संबंधित आजार असू शकतो आणि त्यासाठी तातडीचा विभाग हीच जागा आहे. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू लवकर थकवणारा आजार असलेल्यांनी बोटॉक्स घेऊच नये, हे इथेच सांगून ठेवतो.

पाचवी तपासणी : साधी सूज आणि काळे-निळे डाग वाढवणाऱ्या सवयी

यात फार वेळ घालवण्याची गरज नाही. पहिला दिवस बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावावा, उशी उंच ठेवून झोपावे, दारू आणि दमवणारा व्यायाम एक-दोन दिवस टाळावा. दुखल्यास पॅरासिटॅमॉल पुरे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल रक्तस्राव वाढवू शकतात. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते चेहऱ्याच्या डागासाठी स्वतःहून बंद करू नये. हळद लावण्याचा आग्रह घरची मंडळी धरतात. सुईची छिद्रे बुजेपर्यंत तिथे लेप, मेकअप, ब्लीच किंवा पार्लरचा मसाज यांपैकी काहीही नको. हळदीच्या पिवळेपणाखाली त्वचेचा रंग पाहता येत नाही, आणि वर सांगितलेली बोटाची तपासणी तर पूर्णच बाद होते. आपल्या त्वचेवर डाग मागे राहण्याची प्रवृत्ती असते, त्यामुळे काळे-निळे जाईपर्यंत उन्हात जाताना सनस्क्रीन लावावे.

सहावी तपासणी : गाठ

पहिल्या दोन आठवड्यांतली मऊ, न दुखणारी गाठ बहुधा एका जागी साचलेला फिलर असतो. ती स्वतः चोळू नये. मालिश करायची की नाही आणि कशी, हे टोचणाऱ्या डॉक्टरने सांगायचे असते, कारण काही फिलर जिथे ठेवले तिथेच राहणे अपेक्षित असते. डोळ्याखालची निळसर छटा हेही फिलर वरच्या थरात साचल्याचे लक्षण आहे. पातळ त्वचेखालच्या पारदर्शक जेलमधून प्रकाश विखुरल्याने तो रंग दिसतो. रक्त साकळल्याचा निळेपणा दोन आठवड्यांत जातो, हा जात नाही. थोड्या हायल्युरॉनिडेजने मात्र सुटतो.

आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आलेली लाल, घट्ट, दुखरी गाठ ही घरगुती तपासण्यांच्या पलीकडची गोष्ट आहे. फिलरभोवती जंतूंचा पातळ थर धरलेला असू शकतो किंवा शरीराने त्या पदार्थाविरुद्ध सूज उभी केलेली असू शकते. ताप, सर्दी, दाताचा संसर्ग यांच्या निमित्ताने ती जागी झालेली असते. अशी गाठ दाबू नये, फोडू नये. विशेषतः कोणी सुचवले म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण आत संसर्ग असेल तर स्टेरॉइड त्याला मोकळे रान देते. डॉक्टर आधी सोनोग्राफी करून आत काय आहे आणि कुठे आहे ते पाहू शकतात, पू असल्यास तपासायला पाठवतात आणि मग प्रतिजैविके, हायल्युरॉनिडेज किंवा दोन्ही यांचा क्रम ठरवतात.

हायल्युरॉनिडेजबद्दल एक खबरदारी. हे औषध बहुधा प्राण्यांपासून मिळवलेले असते आणि त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते. मधमाशीच्या विषातही हेच विकर असल्याने, मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून पूर्वी अंग सुजले असेल किंवा श्वास लागला असेल तर डॉक्टरला आधी सांगावे. रक्तपुरवठा अडल्याच्या तातडीत अ‍ॅलर्जीच्या चाचणीसाठी थांबले जात नाही, पण निव्वळ आकार आवडला नाही म्हणून फिलर विरघळवायचा असेल तर चाचणीला वेळ आहे. विरघळवलेल्या जागी दोन दिवस खड्डा पडल्यासारखे वाटते. शरीराचे स्वतःचे हायल्युरॉनिक आम्ल पुन्हा तयार होत असते, त्यामुळे नवा फिलर घालण्याची घाई करू नये.

कोणाकडे जावे आणि सोबत काय न्यावे

ज्या व्यक्तीने टोचले तिला पहिला फोन करावा, मात्र ती डॉक्टर असेल तरच. पार्लरमध्ये किंवा कुणाच्या घरी टोचून घेतले असेल तर तिथे परत जाऊ नये. त्वचारोगात एम.डी. किंवा डी.एन.बी. झालेले अथवा प्लास्टिक सर्जरीचे एम.सीएच. डॉक्टर शोधावेत आणि त्यांच्या चिठ्ठीवर वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. भेटीची वेळ मागतानाच 'तुमच्याकडे हायल्युरॉनिडेज आहे का' हा प्रश्न विचारावा. उत्तर 'मागवावे लागेल' असे आले तर तातडीच्या प्रसंगी दुसरा दरवाजा ठोठावावा.

जाताना उत्पादनाच्या चिकटपट्टीचा फोटो, चालू औषधांची यादी आणि रोज त्याच खिडकीशी, त्याच अंतरावरून, मेकअपशिवाय काढलेले फोटो न्यावेत. त्यात इंजेक्शनपूर्वीचा एखादा साधा फोटो असला तर फार उपयोग होतो, कारण बऱ्याच चेहऱ्यांच्या दोन भुवया मुळातच एका उंचीवर नसतात. गर्भारपण, स्तनपान आणि नुकतीच घेतलेली जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने आवर्जून सांगावीत, कारण ही प्रतिजैविके बोटॉक्सचा परिणाम वाढवू शकतात. दुष्परिणामाची नोंद डॉक्टर करतातच असे नाही. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर ती रुग्णालाही करता येते, आणि त्या वेळी बॅच क्रमांक हाताशी ठेवावा.